एफपुटसीने लिहिलेले अक्षर असते कुठे?

सीच्या ओरलला एक प्रश्न हमखास येतो. "एफपुटसी काय रिटर्न करते?" उत्तर सगळ्यांचे पाठ असते: लिहिलेले कॅरॅक्टर, आणि एरर आली तर ईओएफ. मी पुढे विचारतो, "मग कॅरॅक्टर परत आले म्हणजे ते डिस्कवर पोचले ना?" निम्मी बॅच "हो सर" म्हणते.

पोचलेले नसते. ते बफरमध्ये, म्हणजे आपल्याच प्रोग्रॅमच्या मेमरीत बसून असते. वडापच्या जीपसारखे, सीटा भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. लिनक्सवर साध्या फाईलचा बफर बहुधा 4096 बाईटचा. स्क्रीनवर जाणारा एसटीडीआउट बहुधा ओळ संपली की सुटतो. एसटीडीएरर मात्र एकट्या पॅसेंजरलाही घेऊन निघतो, म्हणून डीबगिंगचे मेसेज तिकडे छापावेत.

यात खरे मरण प्रोजेक्टवाल्यांचे. सेन्सरचे रीडिंग दर मिनिटाला 6 कॅरॅक्टर धरले, तर 8 तासांत होतात 2880. बफर भरलाच नाही! पहाटे प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने मेला की फाईल निघते शून्य बाईटची, आणि रात्रभर जागलेला पोरगा सेन्सरला शिव्या घालतो. दर रीडिंगनंतर एफफ्लश करा. (लाईट जायची भीती असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. एफफ्लश डेटा कर्नलकडे सोपवते. डिस्कवर उतरवायला लिनक्सवर एफसिंक लागते.)

पटत नसेल तर करून बघा. लिनक्सवर डेव्ह डिरेक्टरीत फुल नावाची एक गमतीदार फाईल आहे. तिच्यावर काहीही लिहायला जा, "जागा नाही" हेच उत्तर. ती एफओपनने राईट मोडमध्ये उघडून कॅपिटल ए लिहा. एफपुटसी शांतपणे 65 परत देते! ईओएफ येतो तो शेवटी एफक्लोजकडून. आणि एफक्लोजची रिटर्न व्हॅल्यू आपल्याकडे तपासतो कोण? फार थोडे.

रिटर्न व्हॅल्यू इंटमध्येच घ्या, चारमध्ये नको. नाहीतर 255 हा बाईट आणि ईओएफ यांतला फरक पुसला जाऊ शकतो.

मराठीतून लिहायची हौस असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. एफपुटसी एका वेळी एकच बाईट लिहिते, आणि युटीएफ-8 मध्ये आपला 'अ' 3 बाईटचा: 224, 164, 133. तिन्ही याच क्रमाने लिहा, एफक्लोज करा आणि फाईल एडिटरमध्ये उघडा, 'अ' दिसेल. मग शेवटचा 133 गाळून पुन्हा उघडून बघा.