संकल्पाचा हेतू

साधकाने आपल्या प्रत्येक संकल्पास एकदा थांबून विचारावे: हे कोणासाठी? स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. पंडित केशिराजबास संस्कृतात रचना करू इच्छित होते. अधिकार होता, श्रद्धाही होती. संकल्पात वरकरणी दोष कोणता? तरीही आचार्य श्रीनागदेवांनी त्यांस आवरले. संस्कृत न जाणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, एवढीच त्यांची चिंता. पंडितांच्या विद्वत्तेवर आक्षेप नव्हता. तिचा लाभ कोणास, हा प्रश्न होता. याच केशिराजबासांनी संकलित केलेला सूत्रपाठ मराठी आहे, हे ध्यानी घ्यावे.

परवा निरूपणासाठी संस्कृत श्लोक निवडताना प्रस्तुत लेखकासही हा प्रश्न टोचला. समोर बसणाऱ्या वृद्ध वासनिक बाया आठवल्या, आणि अर्धे श्लोक गळले.