घरची भाषा व शाळा

निजामी राजवटीत मराठवाड्यातील बहुसंख्य जनतेची भाषा मराठी होती. परंतु १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली व तीच कारभाराची भाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ज्या पैठणास एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेथील मुलास उच्च शिक्षणासाठी घरची भाषा मागे ठेवावी लागे. तरीही घर, कीर्तन आणि सरस्वती भुवनासारख्या शाळा यांच्या आधारे मराठी टिकली.

वेल्स देशात एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची लाकडी पट्टी अडकवीत. आज तेथील शाळाच ती भाषा शिकवितात. २०२१ च्या जनगणनेत तिचे सुमारे ५ लाख ३८ हजार भाषक आढळले.

शिक्षकांनी यावरून बोध घ्यावा. कन्नड, सोयगाव तालुक्यांतील तांड्यांवरून येणाऱ्या मुलाची घरची बोली गोरमाटी असते. पहिलीत त्याने स्वतःच्या शब्दात उत्तर दिल्यास त्यास दटावू नये. तो शब्द फळ्यावर लिहावा, शेजारी मराठी शब्द मांडावा व दोन्ही वर्गाकडून म्हणवून घ्यावेत. मराठीने सोसलेली उपेक्षा मराठी शाळेत दुसऱ्या बोलीच्या वाट्यास येऊ नये.