आई स्वतःचं स्वतः किती करते?

तपासणीला येताना घरची मंडळी आई-वडिलांची जाडजूड फाईल घेऊन येतात. त्यात साखर असते, क्रिएटिनिन असतं, इको असतो, गेल्या वर्षीचा एमआरआय असतो. ती फाईल मी बघतेच. पण पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसाबद्दल मला आधी वेगळंच काही विचारायचं असतं. सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत तुम्ही स्वतःच्या हातानं काय काय करता? अंघोळीचं पाणी कोण काढतं? गोळ्या कोण काढून देतं? बिल्डिंगखाली शेवटचं कधी उतरलात? यावर बहुतेक वेळा मुलगा आईकडे बघतो आणि आई मुलाकडे.

दोन आजींचं वय सारखं, मधुमेह सारखा, गुडघ्यांचे एक्स-रेही सारखेच. तरी एक आजी घाटकोपरला एकटी राहून आपलं घर चालवते आणि दुसरीला पलंगावरून उठायला हात लागतो. हा फरक कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. औषधं किती द्यायची, ऑपरेशन झेपेल का, घरात कोण लागेल, हे सगळं मात्र याच फरकावर ठरतं.

हा फरक मोजायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचा अभ्यास केला आणि १९६३ साली सहा कामांची मोजपट्टी प्रसिद्ध केली: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. ही कामं साधारण एका क्रमानं सुटतात. अंघोळ सर्वांत आधी, घास तोंडापर्यंत नेणं सर्वांत शेवटी. म्हणून 'आई व्यवस्थित जेवते, काही काळजी नाही' हे ऐकून मी निश्चिंत होत नाही. अंघोळीबद्दल विचारते. पाठीवर हात पोचत नाही, बादली उचलवत नाही, ओल्या फरशीची भीती वाटते म्हणून आई एक दिवसाआड अंघोळ करायला लागली असेल आणि घरात ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसेल.

आपल्याकडे हे किती जणांचं होतं, याचं उत्तर मुंबईच्याच पूर्व उपनगरातून आलं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या साधारण २४ टक्के लोकांना अशा मूलभूत कामांपैकी निदान एकात अडचण होती. स्वयंपाक, खरेदी, फोन, औषधं, पैशांचे व्यवहार ही दुसऱ्या पायरीची कामं विचारली, तेव्हा हा आकडा ४८ टक्क्यांवर गेला.

या दुसऱ्या पायरीकडे घरच्यांनी खरं लक्ष द्यायला हवं, कारण घसरण बहुधा तिथे आधी दिसते. लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ मध्ये या कामांची यादी केली तेव्हा ना ओटीपी होता, ना यूपीआय. आजच्या उपनगरातल्या ज्येष्ठाला मी विचारते: सोसायटीचं मेंटेनन्स बिल कोण भरतं? नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना यंदा अडलं का? भाजीवाल्याकडून सुटे मोजून घेता का? रोजचा वाणी सोडून दुसरीकडे जायचं टाळता का? तीस वर्षं बँकेत नोकरी केलेल्या गृहस्थांचं पासबुक दोन महिने भरलेलं नसेल, तर मला स्मरणशक्ती तपासावीशी वाटते. नजर आणि मनाची उदासीही तपासावी लागते, कारण मोतीबिंदूमुळे आकडे न दिसणं आणि आकडे न उमगणं घरच्यांना बाहेरून सारखंच दिसतं.

इथे एक मोठी चूक होऊ शकते. आजोबांनी जन्मात कधी चहा केलेला नसतो आणि आजींनी कधी चेकवर सही केलेली नसते. लॉटन-ब्रोडींनीही त्या काळी पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं या कामांचे गुण दिलेच नव्हते. तेव्हा 'येतं का?' असं विचारून भागत नाही, 'आधी करत होतात ते आता सुटलं का?' असं विचारावं लागतं. हरयाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी केलेली एक प्रश्नावली म्हणूनच मला फार आवडते. होळी-दिवाळीसारखे सण ध्यानात राहतात का, असं ती विचारते. आपण श्रावण, गणपती, घरातलं श्राद्ध यांबद्दल विचारू शकतो. चाळीस वर्षं न चुकता गौरी बसवणारी बाई यंदा आवाहनाचा दिवस विसरली असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी.

आता जिन्यांबद्दल. पंतनगर, डी. एन. नगर, मुलुंड, बोरिवलीच्या जुन्या वसाहतींत लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती अजून आहेत. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा कॅट्झच्या मोजपट्टीवर सहापैकी सहा गुण मिळवतात आणि तरी चार-चार महिने खाली उतरलेले नसतात. कट्टा सुटला, मंदिर सुटलं, ऊन अंगावर पडणं बंद झालं. पाय न वापरल्यानं मांड्यांचे स्नायू झडतात आणि मग घरातल्या घरात उठणंही जड होतं. त्यांना मी पूर्ण स्वावलंबी म्हणत नाही. दिवसातून एकदा, कुणाला सोबत घेऊन, कठडा धरून एक मजला उतरणं-चढणं हे त्यांच्यासाठी औषधाइतकंच महत्त्वाचं असतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते लघवीचं. खोकताना, हसताना थेंब जातात, संडासपर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले होतात. हे आई मुलाला सांगत नाही, सुनेलाही सांगत नाही. ती पाणी कमी पिते. हळदीकुंकवाला जाणं बंद करते. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल, तर संध्याकाळनंतर घोटभर पाणीही घेत नाही. मग बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, उभं राहताच चक्कर, आणि एखाद्या रात्री अंधारात पडणं. सुनेनं किंवा मुलीनं हे एकांतात, सरळ विचारावं. यावर उपचार आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, औषधांच्या वेळा बदलता येतात. लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर तेवढं डॉक्टरांच्या नजरेला आणलं तरी रात्रीच्या फेऱ्या कमी होऊ शकतात.

घरी एक साधी चाचणी करता येते. हात असलेल्या खुर्चीत बसवा. उठायचं, नेहमीच्या चालीनं ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मुंबईतल्या बहुतेक हॉलमध्ये एवढी जागा निघतेच. काठी वापरत असतील तर घेऊ द्या आणि कुणीतरी जवळ उभं राहा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजून तपासणीला या.

सगळ्यांत तळमळीनं सांगायचं ते असं. गेल्या आठवड्यापर्यंत स्वतः अंघोळ करणारे बाबा या आठवड्यात उठत नसतील, गुंगीत असतील, असंबद्ध बोलत असतील, तर 'वय झालं' म्हणून गप्प बसू नका. वय आठवड्याभरात होत नाही. न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग या वयात तापाशिवायही असतो. सोडियम घसरलेलं असतं, जेवण कमी आणि मधुमेहाची गोळी तीच असल्यानं साखर उतरलेली असते, झोपेची नवी गोळी सुरू झालेली असते, रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोक्याला लागलेल्या किरकोळ मारामुळे आत रक्त साचलेलं असतं. यातलं बरंच काही वेळेत सापडलं तर बरं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.

मदत करण्याबद्दलही थोडं बोलायला हवं. ब्यूरोतून आलेल्या बाईला बारा तासांत खूप कामं उरकायची असतात. आजींना ब्लाउजची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात, बाई एका मिनिटात लावते. काही महिन्यांत आजींची बोटं ते काम विसरतात. अशा बाईंना पहिल्याच दिवशी सांगा: शेजारी थांबा, पडू देऊ नका, पण जे जमतं ते त्यांना करू द्या. सुनांनाही माझं हेच सांगणं आहे. प्रेमापोटीच आपण हातातलं काम काढून घेतो, पण लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, देवपूजा ही कामं शक्य तितकी त्यांच्याकडेच राहू द्या.

रिडेव्हलपमेंटसाठी घर सोडायचं असेल तर भाड्याचं घर शक्यतो त्याच भागात घ्या. नव्या जागेत संडास उलट्या हाताला असतो, दिव्याची बटणं सापडत नाहीत, आणि जुन्या घरात सवयीनं झाकलेला विसराळूपणा उघडा पडतो. पहिल्या आठवड्यात रात्री दिवा चालू ठेवा आणि संडासच्या दाराला ठळक खूण करा.

रोजची कामं सुटू नयेत म्हणून मदत करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आपल्या शहराला नवीन नाहीत. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या कमला निंबकरांनी देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपी शाळा १९५० साली मुंबईत, केईएममध्ये सुरू केली. तरीही मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या घरात हे नाव फारसं ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं. फिजिओथेरपिस्ट चालायला शिकवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट तुमच्या बाथरूममध्ये उभं राहून सांगतो की धरायला दांडा नेमका कुठे हवा, संगमरवरी उंबरा कसा काढायचा, बादली किती उंचीवर ठेवायची. टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती वजन पेलत नाही.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा यांसाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना ३००० रुपये एकदा मिळतात. घरात हेळसांड किंवा त्रास होत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पुढच्या वेळी येताना फाईलबरोबर एक कागद आणा. एका साध्या दिवसाची कामं लिहा आणि प्रत्येकापुढे नोंदवा: स्वतः करते, आठवण करून दिल्यावर करते, हात धरल्यावर करते, की दुसरं कुणी करतं. कधीपासून, तेही लिहा. आधी आईला विचारून लिहा, मग तुमचं मत वेगळं असेल तर खाली जोडा. दर सहा महिन्यांनी, आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पंधरवड्यानं, नवा कागद करा.