विषयांची निवड व मार्गदर्शन : कुंभकोणमचे एक उदाहरण

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास कोणत्या विषयाला किती वेळ द्यावा आणि निकाल बिघडल्यास पुढे काय करावे, हे सांगणारी जबाबदार व्यक्ती भेटणे ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. कावेरीकाठच्या कुंभकोणम येथील शासकीय महाविद्यालयाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

श्रीनिवास रामानुजन १९०४ साली तेथे दाखल झाले, ते शिष्यवृत्ती मिळवूनच. त्यापूर्वीच जॉर्ज कार यांचा हजारो गणिती सूत्रांचा संग्रह त्यांच्या हाती पडला होता. त्यात सिद्धता अगदी त्रोटक. त्या स्वतः शोधण्यात हा मुलगा इतका गढून गेला, की इतर विषयांकडे त्याने पाठ फिरविली. एफ. ए. च्या परीक्षेस मात्र इंग्रजी, शरीरशास्त्र, ग्रीस व रोमचा इतिहास हे विषयही आवश्यक होते. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये ते घर सोडून निघून गेले. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातही हीच गत झाली. १९०७ च्या अपयशानंतर पदवीचा मार्ग खुंटला.

महाविद्यालयास दोष देणे सोपे आहे, परंतु ते पुरते न्याय्य नव्हे. नियम सर्वांस सारखाच होता. नियम व विद्यार्थी यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम मात्र कोणाकडे सोपविलेले दिसत नाही. ते काम तसे साधेच असते. पहिल्या चाचणीनंतर एकूण बेरीज न पाहता प्रत्येक विषयाचे गुण वेगळे पाहावेत (बेरीज फार फसवी असते), आणि नावडत्या विषयात उत्तीर्ण होण्यापुरता अभ्यास रोज कोणत्या वेळी होणार, हे विद्यार्थ्याकडूनच ठरवून घ्यावे. आवडीचा विषय सोडावयास सांगणे हा उपाय नव्हे.

कुंभकोणमला शिकविलेले शेषु अय्यर यांनी १९१० च्या सुमारास रामानुजनांची रामचंद्र राव यांच्याकडे शिफारस केली. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. म्हणजे नियमाला वाट काढता येत होती. ती काढावयास आठ वर्षे लागली, इतकेच.

१९१४ मध्ये केंब्रिजला हार्डी यांच्यापुढेही हाच पेच होता. रीतसर गणित शिकविण्याचा आग्रह धरावा, तर या माणसाचा आत्मविश्वास ढळेल; न शिकवावे, तर उणिवा राहतील. त्यांनी जरूर तेवढेच शिकविले, आणि आपण त्यांना शिकविले त्याहून अधिक त्यांच्याकडून शिकलो, असे पुढे नमूद केले.