नागपूर ते मुंबई : अंतर आणि वेळ

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. विमान उंचावर ताशी सुमारे 800 किलोमीटर वेगाने उडते. भागाकार करा, 51 मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र सुमारे दीड तास असतो. गणित चुकले नाही. विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते. चढताना व उतरताना त्याचा वेग कमी असतो. तो वेळही त्यात धरतात.

आता पोंभुर्ण्याच्या एका रुग्णाला उपचारासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात न्यायचे आहे. आधी एस.टी.ने चंद्रपूर गाठायचे. तेथून नागपूर सुमारे 150 किलोमीटर. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचायचे. म्हणजे विमानापेक्षा जमिनीवरच जास्त वेळ जातो! सकाळचे विमान असेल तर घर आदल्या दिवशीच सोडावे लागते.