रथाचे लगाम आणि डॅशबोर्डवरचे दिवे



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली, मंत्र ३ ते ९.

यमराज नचिकेताला रथ समजावून सांगतात तो हा भाग. शरीर हा रथ, आत बसलेला मालक म्हणजे आत्मा, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. ज्याचा सारथी जागा आहे आणि लगाम हातात आहेत, त्याचे घोडे शहाण्यासारखे चालतात. बाकीच्यांचे उधळतात. नवव्या मंत्रात प्रवासाचा शेवट सांगितलाय, विष्णूचं परम पद.

रविवारी आपण लोणी भापकरला निघतोय. मल्लिकार्जुनाचं यादवकालीन मंदिर, पुढ्यातली पुष्करणी आणि यज्ञवराहाची ती दगडी मूर्ती, जिच्या पाठीवरच्या झुलीवर विष्णूच्या छोट्या छोट्या मूर्ती कोरल्यात. शंकराच्या दारात विष्णू. त्यावर पुढे कधीतरी लिहीन. गाडी आपल्या भजनी मंडळाचीच, जुनी डिझेल ट्रॅव्हलर, कंपनीचं नाव अजून बजाज टेम्पो होतं तेव्हाची (२००५ साली ते फोर्स मोटर्स झालं). मागे बारा-तेरा जण, त्यातले निम्मे सत्तरीच्या पुढचे. तिघे आलटून पालटून चालवणार आहेत आणि तिघांनीही मला एकच विचारलं, "दादा, मीटरमधले ते दिवे नक्की काय सांगतात?" वाचन आणि प्रश्न एकाच दिवशी समोर आले, म्हणून आज दोन्ही एकत्र.

आधी लगामाबद्दल. आपण लगाम म्हणजे नुसता घोडा आवरायची दोरी समजतो. टांगेवाल्याला विचारा. लगामातून हुकूम जातो तसा घोड्याचा निरोपही परत येतो. घोडा लंगडायला लागला, तोंडाशी झटका द्यायला लागला, तर टांगेवाल्याला डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. जुन्या गाडीचे दिवे हे असे परत येणारे निरोप आहेत. काय बिघडलंय ते दिवा सांगत नाही. तो एवढंच सांगतो की इकडे बघ. बघायचं काम सारथ्याचं.

या गाडीला कॉम्प्युटर नाही, ही तिची गंमत. प्रत्येक दिव्यामागे एक वायर आणि एक स्विच, एवढाच मामला. दिव्यांची चित्रं जगभर जवळपास सारखीच असतात, त्यासाठी आयएसओ २५७५ नावाचं मानकच आहे. रंगांचा हिशोबही सोपा: लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. निळा दिवा हेडलाइट अप्पर असल्याचा. तो बिघाडाचा नाही, पण समोरच्याच्या डोळ्यांसाठी खाली करा.

सगळ्यात महत्त्वाचं काम गाडी चालू करायच्या आधीचं आहे. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. हँडब्रेक ओढलेला असेल तर ब्रेकचाही. मग सेल्फ मारा. इंजिन सुरू झालं की बॅटरी आणि ऑइल दोन्ही विझले पाहिजेत, आणि हँडब्रेक सोडल्यावर तिसरा. लागलेला दिवा विझत नाही ही एक काळजी. पण चावी ऑन केल्यावर जो दिवा लागतच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. त्याचा बल्ब गेलाय, वायर तुटलीय, किंवा कोणीतरी मुद्दाम काढून ठेवलाय. जुनी गाडी विकताना हे सर्रास करतात. बल्ब काढला की डॅशबोर्ड कसा शांत, गिऱ्हाईक खूश! मीटरच्या काचेवर नेमक्या दिव्याच्या जागी देवाचं स्टिकर लावलेल्या गाड्याही मी पाहिल्यात. देव डॅशबोर्डवर असावाच. पण त्याच्या आड दिवा नको.

आता ऑइलचा दिवा, किटलीचं चित्र आणि तिच्या तोटीशी एक थेंब. हा चालत्या गाडीत लागला तर "पुढचा पंप येऊ दे, मग बघू" असला विचार नाही. इंडिकेटर द्या, गाडी डावीकडे घ्या, थांबा, इंजिन बंद करा. कारण हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब सांगतो. इंजिनच्या अंगात एक स्विच असतो. ऑइलचा दाब पुरेसा असला की तो उघडा राहतो, दाब गेला की मिटतो आणि दिवा लागतो. दाब गेला म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमधला ऑइलचा पातळ थर गेला, लोखंड लोखंडावर घासायला लागलं. तशी दोन-चार किलोमीटर ओढली तर इंजिन सीझ व्हायला तेवढं पुरतं.

थांबल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. गाडी सपाट जागी असू दे. मग ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला आणि काढून वाचा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर त्याच ग्रेडचं भरा, गाडीखाली गळती आहे का बघा, आणि इंजिन सुरू केल्यावर दिवा लगेच विझला तरच हळूहळू मिस्त्रीपर्यंत न्या. पट्टीवर ऑइल बरोबर आहे आणि तरी दिवा जळतोय, तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. नुसता स्विच खराब असेल, किंवा पंप गेला असेल. कुठलं ते रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखता येत नाही. मिस्त्री स्विच काढून तिथे गेज लावतो आणि खरा दाब मोजतो. गाडी खूप तापल्यावर नुसत्या आयडलिंगला दिवा लुकलुकतो आणि जरा रेस दिली की विझतो, हे इंजिन झिजल्याचं किंवा ऑइल पातळ झाल्याचं लक्षण. प्रवास होईल, पण परत आल्यावर काम काढावंच लागेल.

इथे मला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक आठवतात. भगवंत तिथे घसरणीच्या पायऱ्या सांगतात. विषयाचं चिंतन, मग आसक्ती, इच्छा, क्रोध, मोह, स्मृतीचा गोंधळ, बुद्धीचा नाश, आणि मग माणूसच गेला. आपल्याला साधारण क्रोधाशी आल्यावर कळतं की काहीतरी झालंय. तोवर तीन पायऱ्या खाली आलेलो असतो. ऑइलचा दिवाही असाच उशिरा लागतो. ऑइल कमी होत होतं महिनाभर, दिवा लागला आज. म्हणून पट्टी दिव्याची वाट न बघता काढायची, रविवारी निघायच्या आधी, इंजिन थंड असताना.

बॅटरीच्या दिव्याला मात्र लोक फार हलक्यात घेतात. चार्जिंग होत नाही, एवढंच ना? अशा जुन्या डिझेल इंजिनला चालत राहायला वीज जवळजवळ लागत नाही, पंप मेकॅनिकल. त्यामुळे "दिवसाउजेडी जाऊ तसेच" असं म्हणणारा ड्रायव्हर हमखास भेटतो. पण दिवा का लागला ते त्याने पाहिलेलं नसतं. डायनामो (खरं म्हणजे अल्टरनेटर, पण गॅरेजमध्ये डायनामोच म्हणतात) बेल्टवर फिरतो, आणि कित्येक इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. बेल्ट तुटला असेल तर थोड्याच वेळात इंजिन उकळणार. आणखी एक, काही डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. बेल्ट गेला की चार्जिंग गेलं, आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक. ब्रेक लागतो, पण पूर्ण जोर काढून. आपल्या गाडीत पंप कुठे आहे ते मिस्त्रीला शनिवारी विचारून ठेवा. दिवा लागला तर थांबून इंजिन बंद करा आणि बॉनेट उघडून बेल्ट बघा. बेल्ट जागेवर, घट्ट, काटा नेहमीच्या जागी आणि पेडल नेहमीसारखं असेल, तरच एसी-पंखे बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जा.

हे सगळं मी आपला रस्ता डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव आणि मग लोणी भापकर. (मॅपवर नुसतं "लोणी" टाकू नका. सोलापूर रस्त्यावर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो ती लोणी काळभोर, ती वेगळी.) जाताना दिवे घाट चढायचाय, भरल्या गाडीने. तिथे तापमानाच्या काट्यावर लक्ष. काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, खालचा गिअर, घाई नको. हीटर असेल तर पूर्ण सोडा, माणसं घामाघूम होतील पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. लालला टेकला किंवा वाफ दिसली तर थांबा आणि बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कोणी कितीही अनुभवी माणूस म्हणाला तरी नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तोवर हरिपाठ होईल. आणि वर गेलेला काटा अचानक पार खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी सगळं गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलू शकतो.

येताना तोच घाट उतरायचाय. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणारे असतात. आपल्या गाडीत हे चालणार नाही. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद, आणि बूस्टरमध्ये उरलेला दोन-तीन ब्रेकनंतर संपतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या अडकावावर उतरा. ब्रेकचा लाल दिवा वळणावर क्षणभर चमकून गेला, तरी तो निरोप आहे: वाटीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय आणि वळणावर हेलकावतंय. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. नुसतं वरून भरून निघू नका, कारण शोधा.

बाकीचे पटकन. पिवळं वेटोळं म्हणजे हीटर प्लग. थंडीत सकाळी ते विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा, उन्हाळ्यात विशेष फरक पडत नाही. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा काही गाड्यांना असतो, काहींना नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढता येतं, मिस्त्रीकडून एकदा बघून घ्या. डिझेल कमीचा दिवा लागेपर्यंत टाकी उतरवू नका. जुन्या डिझेलने एकदा हवा पकडली की नुसतं डिझेल भरून ती चालू होत नाही, पंप मारून हवा काढत बसावं लागतं, आणि मागे आजी-आजोबा उन्हात.

तर रविवारी जो पहिला चालवेल त्याने निघायच्या आधी चावी ऑन करून दिवे मोजायचे, पट्टी बघायची, पाण्याची टाकी बघायची. बदली ड्रायव्हरने मोरगावला बसताना पुन्हा तेच. शेजारी बसणाऱ्याने मोबाईलमधून मान वर काढून घाटात काटा बघायचा. मागची मंडळी अभंग म्हणतीलच. पण पुढून "थांबतोय" असं ऐकू आलं तर "अरे चल, पोचू की" असं कोणी म्हणायचं नाही. हे मी आज सगळ्या काका-काकूंना फोन करून सांगणार आहे.

उद्याचं वाचन: हीच वल्ली, मंत्र १० आणि ११. इंद्रियांच्या पलीकडे काय, मनाच्या पलीकडे काय, ती उतरंड.

राम कृष्ण हरी.