प्लॅटिनमचा क्षार व तोंडाचा कर्करोग

जळगांवच्या सराफ बाजारांतील जाणते कारागीर सांगतील कीं, सोनें नुसत्या मिठाच्या तेजाबांत विरघळत नाहीं, किंवा नुसत्या शोऱ्याच्या तेजाबांतहि विरघळत नाहीं. तीन भाग पहिलें व एक भाग दुसरें मिळून जें अम्लराज होतें, त्यांतच तें विरघळतें. प्लॅटिनम हा धातूहि तसाच होय. त्या द्रावणापासून पुढें प्लॅटिनम, पोटॅशियम व क्लोरीन ह्यांचा तांबडा क्षार करितात, आणि त्यावर अमोनियाची क्रिया घडवून 'सिसप्लाटिन' नांवाची पिवळी भुकटी मिळवितात. ती शुद्ध व लवकर मिळावी म्हणून धारा ह्यांनीं १९७० सालीं एका भारतीय रसायन-नियतकालिकांत सोपी रीत प्रसिद्ध केली.

हिचा गुण कसा कळला? १९६५ सालीं अमेरिकेंत रोझेनबर्ग ह्यांनीं जंतूंच्या द्रावणांत प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून वीज सोडली. जंतु लांब वाढले, पण दुभंगेनात. कारण वीज नव्हे, तर पट्ट्यांपासून झालेला प्लॅटिनमचा क्षार होता.

रक्तांत मिठाचा अंश पुष्कळ असतो, म्हणून तेथें ह्या औषधांतील क्लोरीन सुटत नाहीं. पेशींत तो अंश थोडा असल्यामुळें क्लोरीन सुटतें व प्लॅटिनम डी. एन. ए. ला घट्ट चिकटतें. मग पेशीला आपली नक्कल करितां येत नाहीं व ती मरते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डोकें व मान ह्यांच्या कर्करोगाच्या ३०० रोग्यांस किरणोपचारांबरोबर हें औषध देऊन पाहिलें. निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. दर तीन आठवड्यांनीं मोठी मात्रा दिलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ७३ जणांचा मूळ जागीं व मानेंत रोग दोन वर्षें आटोक्यांत राहिला. दर आठवड्यास लहान मात्रा दिलेल्यांत शेंकडा सुमारें ५८. परंतु मोठ्या मात्रेचा त्रासहि अधिक झाला. ह्या औषधानें ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडांस व कानांस इजा पोंचते. म्हणून शिरेंतून भरपूर मिठाचें पाणी देतात व रक्त वरचेवर तपासतात.

वाचकहो, आपल्या खानदेशांत तंबाखू व मिसरी घरोघरीं शिरली आहे. हा पाठ वाचून दाखविणाऱ्यांनीं स्त्रीपुरुषांस स्पष्ट सांगावें: तोंडांत पांढरा वा तांबडा चट्टा दिसला, तीन आठवड्यांत जखम भरली नाहीं, किंवा तोंड पुरतें उघडेना, तर झाडपाल्यांत दिवस न दवडतां डॉक्टरांस दाखवावें. औषध कितीहि मोलाचें असो, तंबाखू सोडणें त्याहून स्वस्त व सोपें आहे.